शुद्ध भाषा आणि नागरिकत्व : वेव्हलंड येथील एका वर्गाच्या टिपणाचे परीक्षण

अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 1960 ते 1966 ह्या काळात जी चळवळ केली, तिचा विचार बहुधा मोर्चे, कारावास आणि कायदे ह्यांच्या अनुरोधाने केला जातो. आपल्या कार्यकर्त्यांना शिकविण्यासाठी ह्या चळवळीने जे वर्ग चालविले, जे प्रश्न तयार केले आणि जी टिपणे ठेवली, ती इतिहासाची साधने म्हणून वाचली जातात. त्यांची रचना कशी आहे, त्यांत कोण बोलतो, कोणाचे बोलणे गाळले जाते, ह्या दृष्टीने मात्र ती क्वचितच वाचली जातात. प्रस्तुत लेखात अशा एका टिपणाचे परीक्षण योजिले आहे. टिपण लहान आहे. तासाभराच्या एका वर्गाचा तो वृत्तांत आहे. परंतु राजकीय शिक्षण म्हणजे काय, ते देणाऱ्याचा अधिकार कोठवर चालतो आणि घेणाऱ्याची भाषा त्यात टिकते की नाही, हे प्रश्न त्यात जितक्या स्पष्टपणे उभे राहतात तितके ते त्या काळच्या लांबलचक ठरावांतही आढळत नाहीत.

हा वर्ग 1965 च्या आरंभी मिसिसिपी राज्यातील वेव्हलंड ह्या समुद्रकाठच्या गावी भरला. ‘विद्यार्थी अहिंसक समन्वय समिती’ने (तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘स्निक’ म्हणत) तरुण कार्यकर्त्यांसाठी तेथे एक अभ्याससंस्था चालविली होती. शिकविणारे होते स्टोकली कार्मायकेल. वय तेवीस, जन्म त्रिनिदादचा, शिक्षण न्यूयॉर्कमध्ये व नंतर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, विषय तत्त्वज्ञान. शिकणारे बहुतेक मिसिसिपीतलेच. टिपण लिहिले जेन स्टेमब्रिज ह्यांनी. त्या समितीच्या पहिल्या कार्यालयीन सचिव. एका गोऱ्या धर्मोपदेशकाच्या कन्या आणि स्वतः कवयित्री. ही तीन प्रकारची माणसे लक्षात ठेवल्याखेरीज टिपणाचे वाचन नीट होणार नाही.

पार्श्वभूमी म्हणून थोडे मागे जावे लागते. विद्यार्थी-चळवळीची पहिली शाळा नॅशव्हिल येथे जेम्स लॉसन ह्यांनी चालविली. लॉसन हे 1953 ते 1956 ह्या काळात नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात होते. तेथे त्यांनी गांधींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला, आणि माँटगोमरीच्या बस-बहिष्काराची वार्ता त्यांना नागपुरातच वृत्तपत्रातून कळली. 1959 च्या शरद्ऋतूत नॅशव्हिलमधील एका चर्चमध्ये त्यांचे जे वर्ग भरत, त्यांत डायेन नॅश, जॉन लुइस, बर्नार्ड लाफायेट, जेम्स बेव्हल अशी पुढे नावारूपास आलेली मंडळी होती. ह्या वर्गांत मुख्य शिक्षण देहाचे होते. विद्यार्थ्यांपैकी काहींनी गोऱ्या टवाळांचे सोंग घ्यावे, शिव्या द्याव्यात, अंगावर धूर सोडावा, खुर्चीवरून ढकलून द्यावे. आणि उरलेल्यांनी हात न उगारता, ताठ बसून ते सोसावे, असा तो सराव होता. फेब्रुवारी 1960 मध्ये हेच विद्यार्थी दुकानांतील उपाहाराच्या टेबलांशी जाऊन बसले तेव्हा ते नीटनेटक्या पोशाखात होते, पुढे अभ्यासाची पुस्तके उघडलेली होती, आणि कोणी विचारल्यास त्यांचे उत्तर विनयशील व व्याकरणशुद्ध असे. त्यांच्या युक्तिवादाचा निम्मा भाग ह्या शिष्टपणातच होता. आम्ही तुमच्याइतकेच, किंबहुना आमच्यावर थुंकणाऱ्या तुमच्या पोरांहून अधिक, सुसंस्कृत आहो, मग आम्हास येथे बसू का देत नाही, असा तो सवाल होता. 10 मे 1960 रोजी नॅशव्हिलची उपाहारगृहे सर्वांना खुली होऊ लागली, म्हणजे हा युक्तिवाद फळास आला. पण शिष्टतेच्या बळावर हक्क मागणाऱ्यास शिष्टतेची व्याख्या प्रतिपक्षाची म्हणूनच स्वीकारावी लागते. महाविद्यालयातील विद्यार्थ्यांस ही अडचण फारशी जाणवली नाही. मिसिसिपीच्या कापूसशेतांतून जे आले त्यांस ती जाणविणे अपरिहार्य होते.

मिसिसिपीत भाषेचा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. तो मताधिकाराचा होता. 1890 च्या राज्यघटनेपासून तेथे मतदाराने घटनेतील कलमाचा अर्थ सांगावा अशी अट चालत आली होती. 1950 नंतरच्या दशकात ती अधिक कडक करण्यात येऊन उमेदवाराने कलम स्वहस्ते उतरून काढावे आणि त्याचा अर्थ लिहून द्यावा असे ठरले. अर्थ बरोबर की चूक हे ठरविणारा एकटा नोंदणी-अधिकारी. आणि तो नेहमी गोरा. ह्या परीक्षकाचे कोणी परीक्षण करीत नसे. परिणाम असा की 1965 पूर्वी राज्यातील पात्र कृष्णवर्णीयांपैकी सुमारे 7 टक्केच मतदार म्हणून नोंदले गेले होते. ज्या शाळांत ह्या लोकांनी लिहिणे-वाचणे शिकावयाचे त्या शाळाही त्याच राज्याच्या होत्या, आणि त्या राज्यात गोऱ्या मुलामागे जो खर्च होई त्याचा जेमतेम चौथा हिस्सा काळ्या मुलाच्या वाट्याला येई. प्रथम शिकू द्यावयाचे नाही, मग न शिकल्याचा दंड करावयाचा, अशी ती दुहेरी योजना होती.

ह्या पार्श्वभूमीवर 1964 च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत चाळीसहून अधिक ‘स्वातंत्र्यशाळा’ भरल्या व त्यांत दोन हजारांवर विद्यार्थी आले. मूळ कल्पना हॉवर्डचेच विद्यार्थी चार्ल्स कॉब ह्यांची. त्यांनी ती 1963 च्या अखेरीस मांडली. नागरिकत्वाचा जो अभ्यासक्रम त्यांसाठी बॉस्टनचे शिक्षक नोएल डे ह्यांनी रचला, तो उत्तरांचा नव्हे, प्रश्नांचा होता. बहुसंख्य समाजाच्या संस्कृतीतले आपणांस काय हवे आहे, काय नको आहे, आणि आपल्या स्वतःच्या संचितातले काय टिकवावयाचे आहे, असे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत जावयाचे होते. प्रश्न उत्तम आहेत. मात्र शिकविणारे बहुतेक उत्तरेकडून आलेले गोरे महाविद्यालयीन तरुण असल्यामुळे पहिल्या प्रश्नाची मूर्तिमंत उत्तरे वर्गात समोरच उभी असत, आणि तिसऱ्या प्रश्नाला शब्द सापडणे त्यामुळेच कठीण जाई. वेव्हलंडचा वर्ग हा त्या तिसऱ्या प्रश्नाचा भाषेच्या क्षेत्रातला प्रयोग होय.

कार्मायकेल ह्यांनी फळ्यावर मध्ये रेघ ओढून आठ वाक्ये, म्हणजे चार जोड्या, लिहिल्या. डाव्या अंगाची वाक्ये मिसिसिपीच्या काळ्या वस्तीत बोलतात तशी. उजव्या अंगाची शाळेत शिकवितात तशी. पहिली जोडी मद्य आवडण्याविषयी, दुसरी लोकांना स्वातंत्र्य हवे असण्याविषयी, तिसरी पोलीस जातील तेथे त्रास देतात ह्याविषयी, आणि चौथी मतदार म्हणून नाव नोंदविण्याच्या इच्छेविषयी. चौथीत ‘नोंदविणे’ ह्या क्रियापदाचा स्थानिक उच्चार असा लिहिला आहे की परक्यास ते मुळ्याचे नाव वाटावे. वर्गातील एकाने तशी थट्टाही केली आहे. मग शिक्षक विचारतो : ह्या वाक्यांविषयी तुम्हांस काय वाटते? पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणे येते. डावे कानाला बरे वाटत नाही. शिक्षक विचारतो, त्याला अर्थ आहे की नाही? येथून संवाद वेग घेतो. हे शुद्ध, ते अशुद्ध, हे कोण ठरवितो? डावीकडच्यासारखे बोलणारा माणूस हार्वर्डला जाऊन तसे बोलू शकेल काय? त्याला लाज वाटेल काय? हार्वर्डचा माणूस होम्स काउंटीत येऊन उजवीकडचे बोलला तर त्याला लाज वाटेल काय? बहुसंख्य लोक कसे बोलतात? शिक्षक वर्गाबाहेर कसे बोलतात? समाज तुम्हांला नाकारील म्हणून तुम्ही बदलावे काय? अखेरीस एक विद्यार्थिनी म्हणते की बहुसंख्य लोक जर डावीकडचे बोलत असतील, तर समाजावर राज्य अल्पसंख्यांचेच असले पाहिजे. मग त्या अल्पसंख्यांनी स्वीकारावे म्हणून आम्ही का बदलावे? एवढ्यात जेवणाची वेळ होते, आणि शिक्षक पुढच्या खेपेसाठी दोन प्रश्न देतो : समाज म्हणजे काय, आणि त्याचे नियम कोण करतो.

टिपणाच्या शेवटी स्टेमब्रिज ह्यांनी वर्ग यशस्वी का झाला ह्याची कारणे दिली आहेत. शिक्षकाचा विद्यार्थ्यांवर व विद्यार्थ्यांचा शिक्षकावर विश्वास होता. विवेचन सिद्धान्ताकडून उदाहरणाकडे न जाता उदाहरणाकडून सिद्धान्ताकडे गेले. सर्व तास एकाच कल्पनेला वाहिलेला होता. आणि ज्याविषयी बोलावयाचे ते फळ्यावर डोळ्यांसमोर होते. अध्यापनशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावे असे हे निरीक्षण आहे, व ते यथार्थही आहे. परंतु ते स्वीकारूनही काही शंका उरतात, आणि टिपणाची खरी योग्यता ह्या शंकांच्या ठिकाणीच दिसून येते.

पहिली शंका वाक्यांच्या निवडीविषयी. ह्या जोड्या समानार्थक आहेत असे शिक्षकाने गृहीत धरलेले दिसते. तशा त्या नाहीत. पहिल्या जोडीत डावीकडे साधी दारू आहे आणि उजवीकडे मेजवानीतले मिश्रपेय. भेद येथे व्याकरणाचा नसून पेल्याचा, म्हणजे वर्गाचा आहे. तिसऱ्या जोडीत डावीकडचे ‘पोलीस’ उजवीकडे येताच ‘कायद्याचे अधिकारी’ बनतात. तक्रार तीच, पण तक्रार करणाऱ्याने टोपी काढून हातात घेतली आहे. उजव्या रकान्यात गेल्याने वाक्य नुसते शुद्ध होत नाही. ते निराळे काहीतरी म्हणू लागते, आणि जे म्हणावयाचे होते त्याची धार कमी होते. उलट, दुसऱ्या जोडीत डावीकडे ‘लोक’ ह्या शब्दाला अनेकवचनाचा प्रत्यय दुसऱ्यांदा लागला आहे. व्याकरणदृष्ट्या हा दोष. पण एक विद्यार्थी त्याचे असे विवरण करतो की एकेरी रूप म्हणजे सगळे जण, आणि दुहेरी रूप म्हणजे साऱ्या जगातले सगळे जण. टिपणातील हे सर्वांत मोलाचे वाक्य आहे. ज्याला अशुद्ध म्हटले जाते त्या रूपात प्रमाणभाषेत नसलेला एक अर्थभेद आहे, तो त्या मुलाने जागच्या जागी दाखवून दिला. कार्मायकेल मात्र ह्या वाक्यापाशी थांबत नाहीत. त्यांचा पुढचा प्रश्न ‘कोण ठरवितो’ हाच आहे. तो राजकीयदृष्ट्या बिनतोड असला तरी त्यामुळे डावा रकाना शेवटपर्यंत ‘नाकारली गेलेली भाषा’ एवढाच राहतो, ‘भाषा’ होत नाही. तत्त्वज्ञानाच्या पदवीधराऐवजी एखादा कवी किंवा भाषाभ्यासक तेथे असता तर त्याने तासाचा उरलेला वेळ त्या दुहेरी अनेकवचनावरच घालविला असता, आणि ते अधिक चांगले राजकीय शिक्षण झाले असते.

दुसरी शंका प्रश्नपद्धतीविषयी. ह्या पद्धतीची स्तुती करताना ती अधिकारमुक्त आहे असे म्हटले जाते. वस्तुतः प्रश्न विचारणाऱ्याचा अधिकार उत्तर सांगणाऱ्याच्या अधिकारापेक्षा सूक्ष्म असतो, कमी नसतो. वेव्हलंडच्या संवादात एकही महत्त्वाचा प्रश्न विद्यार्थ्याकडून निघालेला नाही. अपवाद शेवटच्या विद्यार्थिनीचा. बाकीचे प्रश्न एका उतारावर मांडलेल्या पायऱ्यांसारखे आहेत. उतरणारा स्वतःच्या पायांनी उतरतो हे खरे, पण जिना कोठे जातो हे बांधणाऱ्यास ठाऊक असते. सॉक्रेटिसाच्या संवादांविषयी हाच आक्षेप फार पूर्वीपासून आहे, तेव्हा कार्मायकेल ह्यांना त्याबद्दल फार दोष देण्याचे कारण नाही. दोष द्यावयाचा तर तो टिपणकर्तीच्या समारोपाला द्यावा लागेल. विद्यार्थ्यांनी ‘स्वतःच’ काढलेले म्हणून जे निष्कर्ष तिने क्रमाने लिहिले आहेत त्यांत शुद्ध भाषा ही लाजविण्याचे व दूर ठेवण्याचे साधन आहे, ती ठरविणारे थोडे आहेत, असा एकसलग सिद्धान्त आहे. संवादात मात्र सूर एक नव्हता. एक मुलगी स्पष्ट म्हणते की चांगली भाषा येत नसेल तर नोकरी नाही, गाडी नाही, काही नाही, हे एकदा मान्य करून टाका. आणखी एक म्हणते की मला शुद्ध इंग्रजी शिकावयाचे आहे, ते समाजासाठी नव्हे, माझ्या स्वतःसाठी. दुसरी तिला दुजोरा देते. निष्कर्षांच्या यादीत ह्या मुलींना जागा नाही. ज्या वर्गाचा विषयच ‘कोणाचे बोलणे बाजूला सारले जाते’ हा, त्या वर्गाच्या वृत्तांतात हे घडावे ही विसंगती लहान नाही. स्वतःसाठी शिकू इच्छिणारी ती मुलगी कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. तिला उजवा रकाना हवा होता, पण उजव्या रकान्याच्या मालकांची परवानगी नको होती.

टिपण स्वतः उजव्या रकान्याच्या भाषेत लिहिलेले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. स्टेमब्रिज ह्यांचे गद्य थोडक्या वाक्यांचे, स्वच्छ, कोठेही आव न आणणारे आहे. पण ते त्यांचे गद्य आहे. आणि शिकविणाऱ्यास दोन्ही रकान्यांत सहज वावरता येत होते. हार्वर्डला जाऊन लाज वाटण्याचा प्रश्न त्याच्यापुरता सुटलेलाच होता. ‘बदलू नका’ हे सांगणे ज्याला बदलण्याची विद्या आधीच हस्तगत आहे त्याला सोपे जाते. चळवळीच्या काही चाहत्यांना ही टीका कठोर वाटेल. परंतु वर्गातील त्या दोघी-तिघींच्या बाजूने ती करणे अवश्य आहे.

वर्गात एका अनुपस्थित माणसाचे उदाहरण घेतले गेले : हार्टमन टर्नबो. होम्स काउंटीतील हे शेतकरी डावीकडचे बोलत. हे हार्वर्डला जाऊन असेच बोलले तर त्यांना लाज वाटेल काय, असे शिक्षक विचारतो; त्यांना वाटणार नाही, पण मला वाटेल, असे एक मुलगी प्रामाणिकपणे सांगते. सर्व संवाद ह्या उत्तरावर तोललेला आहे. टर्नबो ह्यांनी त्या प्रश्नाचे उत्तर दोन वर्षांपूर्वीच दिले होते, आणि ते हार्वर्डमध्ये नव्हे. एप्रिल 1963 मध्ये लेक्सिंग्टनच्या न्यायालयाच्या इमारतीपाशी चौदा कृष्णवर्णीय नोंदणीसाठी गेले. प्रथम कोण येणार असे शेरीफच्या माणसाने दरडावून विचारले, तेव्हा पुढे झाले ते टर्नबो. पुढील महिन्यात त्यांच्या घरावर पेटते बाँब टाकण्यात आले, आणि स्वतःचे घर स्वतःच जाळल्याच्या आरोपावरून अटक झाली ती त्यांनाच. ऑगस्ट 1964 मध्ये मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्षाचे प्रतिनिधी म्हणून ते अॅटलांटिक सिटीच्या अधिवेशनासही गेले. फळ्यावरचे चौथे वाक्य उच्चारण्यास जी किंमत पडते ती त्यांनी मोजली होती. वेव्हलंडच्या वर्गाने हार्वर्डविषयी विचारले, नोंदणी-अधिकाऱ्याविषयी विचारले नाही. ‘शुद्ध काय हे कोण ठरवितो’ ह्या प्रश्नाचे मिसिसिपीतले अगदी नेमके, नावागावानिशी उत्तर प्रत्येक काउंटीच्या कचेरीत बसलेले असताना चर्चा ‘समाज’ ह्या अमूर्त शब्दाकडे वळली. ही त्या वर्गाची सर्वांत मोठी उणीव होय.

तुलनेसाठी जवळच एक नमुना होता. दक्षिण कॅरोलिनातील जॉन्स बेटावर जानेवारी 1957 मध्ये पहिली नागरिकत्व-शाळा निघाली. टेनेसीतील हायलँडर लोकशाळेचा तिला आधार, बेटावरचे ईसॉ जेंकिन्स ह्यांची मागणी, सेप्टिमा क्लार्क ह्यांची योजना, आणि शिकविणाऱ्या बर्निस रॉबिन्सन. व्यवसाय केशभूषेचा व शिवणाचा. शिक्षिका म्हणून मुद्दामच त्यांची निवड झाली, कारण पेशाने शिक्षक असलेला माणूस प्रौढांना मुलांसारखे वागवील ही भीती होती. पहिल्या चौदा विद्यार्थ्यांना प्रथम विचारले गेले की तुम्हांला काय वाचता-लिहिता यावेसे वाटते. कोणाला आपले नाव लिहावयाचे होते, कोणाला मनिऑर्डरचा कागद भरावयाचा होता. भिंतीवर मानवी हक्कांचा जाहीरनामा लावलेला होता, आणि शिकणे संपेल तेव्हा तुम्ही हा वाचू शकाल, असे शिक्षिकेने सांगून ठेवले होते. येथे उजवा रकाना टाकलेला नाही. पण त्याला साध्याच्या जागी बसविलेले नाही, हत्याराच्या जागी ठेवले आहे. घटनेचे कलम वाचता आले पाहिजे, कारण नोंदणी-अधिकारी ते पुढे करणार. आणि तो ते कशासाठी पुढे करतो हेही कळले पाहिजे. वेव्हलंडच्या ‘स्वतःसाठी’ शिकू इच्छिणाऱ्या मुलीला रॉबिन्सन ह्यांच्या वर्गात जागा मिळाली असती. उलट असेही म्हणता येईल की ‘ही कसोटीच मुळात कोणी लादली’ हा प्रश्न तेथे इतक्या नागडेपणाने विचारला गेला नसता. 6 ऑगस्ट 1965 च्या मताधिकार-कायद्याने मिसिसिपीसह दक्षिणेतील बहुतेक राज्यांतील साक्षरता-कसोट्या स्थगित केल्या, तेव्हा दोन्ही वर्गांच्या बाजूचे काहीतरी खरे ठरले. कसोटी हटविता येते असे एकाने म्हटले होते. कसोटी असताना थांबून राहता येत नाही हे दुसऱ्याने ओळखले होते.

फळ्यावरच्या जोड्या मराठीत आणू पाहणाऱ्यास एक अडचण येते, तिचा येथे उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. डावा रकाना वऱ्हाडीत किंवा मालवणीत घातला तर तो प्रदेशाची भाषा होतो, आणि ग्रामीण कथेतील संवादांची जी गोडी वाचकाच्या परिचयाची आहे ती त्याला उगीचच येऊन चिकटते. मूळ वाक्ये प्रदेशाहून अधिक वर्णाशी बांधलेली आहेत. उजव्या रकान्याची अडचण निराळी. इंग्रजीत त्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘बरोबर’ एवढाच. मराठीत मात्र व्याकरणापासून सोवळ्यापर्यंत एकच ‘शुद्ध’ हा शब्द चालतो. म्हणजे कार्मायकेल ह्यांना तासभर प्रश्न विचारून जे सिद्ध करावे लागले, की भाषेच्या नियमात माणसाला दूर ठेवण्याची सोय असते, ते मराठी शब्दात आधीच नोंदलेले आहे. अनुवाद येथे मुळाहून अधिक बोलून जातो.

कार्मायकेल ह्यांनी आपल्याच वर्गातून काय घेतले हे पाहावयाचे तर त्यांच्या पुढील कामाकडे वळावे लागते. 1965 च्या वसंतात ते अलाबामा राज्यातील लाउंड्स काउंटीत गेले. लोकसंख्येत सुमारे पाचांतील चार लोक काळे. वर्षारंभी त्यांपैकी एकाचेही नाव मतदारयादीत नव्हते. तेथे स्थानिक लोकांनी आपला स्वतंत्र पक्ष उभा केला. निरक्षर मतदारांच्या सोयीसाठी अलाबामात प्रत्येक पक्षाला चिन्ह असे. गोऱ्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा पांढरा कोंबडा होता, ह्या नव्या पक्षाने झेपावणारा काळा चित्ता घेतला. समितीच्या कार्यकर्त्यांनी मतदारांसाठी चित्रमय पुस्तिका काढल्या. थोडे शब्द आणि पुष्कळ रेखाचित्रे. शेरीफचे काम काय, करनिर्धारकाचे काम काय, शिक्षणमंडळ काय करते, आणि ही कामे आजवर कोणासाठी केली गेली. वेव्हलंडला जे दोन प्रश्न जेवणाच्या वेळी अर्धवट राहिले होते, समाज म्हणजे काय व नियम कोण करतो, त्यांतील दुसऱ्याचे उत्तर ह्या पुस्तिकांत सापडते. आणि पहिला प्रश्न सुज्ञपणे सोडून दिलेला दिसतो. रकाने येथे नाहीत. वाचता न येणारा आणि वाचता येणारा असे दोघेही एकाच पानाभोवती बसू शकतील अशी ती रचना आहे. वाङ्मयप्रकार म्हणून त्या पुस्तिकांकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही.

चित्ता पुढे फार फिरला. ऑक्टोबर 1966 मध्ये ओकलंडच्या मेरिट महाविद्यालयातील दोन विद्यार्थी, ह्यूई न्यूटन व बॉबी सील, ह्यांनी आपल्या पक्षाला त्याचे नाव दिले, आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नाव ओकलंडवरून आले होते. निरक्षरांसाठी काढलेले चिन्ह कवींच्या हाती येऊन पोचले, आणि ज्या कवींनी ते उचलले त्यांनी मराठीच्या शुद्ध-अशुद्धाची काय दशा केली हे सर्वश्रुत आहे. ओकलंडच्या पक्षाचे राजकीय शिक्षणाचे वर्ग मात्र निराळ्या वळणाचे होते. दहा कलमांचा कार्यक्रम मुखोद्गत करावयाचा, माओच्या वचनांचे छोटे पुस्तक मोठ्याने वाचावयाचे, व त्यावर चर्चा करावयाची. शिस्त आणि तातडी पाहता ह्याचे समर्थन होऊ शकते. नव्या सदस्यांपैकी कित्येकांना वाचनाची गोडी तेथेच लागली हेही खरे. पण चिनीवरून इंग्रजीत आलेल्या परक्या वचनांना उतारा म्हणून पुढे ठेवणे आणि त्यांचा बरोबर अर्थ सांगावयास लावणे, ह्यात घटनेचे कलम पुढे ठेवणाऱ्या कचेरीची छाया पडलेली दिसते. अर्थ तपासणारा बदलला होता, तपासणी राहिली होती.

लाउंड्स काउंटीत नोव्हेंबर 1966 च्या निवडणुकीत नव्या पक्षाचे सर्व उमेदवार पराभूत झाले. कार्मायकेल तोवर समितीचे अध्यक्ष झाले होते आणि देशभर भाषणे देत होते. पुस्तिका वाचलेले लोक काउंटीतच राहिले. 1970 मध्ये त्यांनी पक्षाचे पहिले अध्यक्ष जॉन ह्यूलेट ह्यांना शेरीफ म्हणून निवडून दिले.